जखमी घोरपड, जखमी कासव

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात नवल नाही. गाय, कुत्रा, पोपट, फार तर चिमणी, ह्यांच्याविषयी दोन शब्द बोलले तर ते कानाला रुचतात. पाल, सरडा, घोरपड आणि कासव ह्यांच्याविषयी कळवळा बाळगावा, असे मात्र सहसा कोणाला वाटत नाही. आणि तरीही हे प्राणी आपल्या भाषेत व आपल्या धर्मजीवनात खोलवर जाऊन बसलेले आहेत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण येता-जाता म्हणतो. एखादा मनुष्य हट्टाने चिकटून बसला की त्याला घोरपडीची उपमा देतो. कोंढाण्याच्या कड्यावर घोरपड चढवल्याची कथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नसली, तरी ती ऐकल्यावाचून आपल्याकडचे मूल मोठे होत नाही. शंकराच्या देवळात पिंडीपुढे दगडी कासव असते. गीतेलाही स्थितप्रज्ञाचे वर्णन करावयाची वेळ आली तेव्हा कासवाचीच उपमा सुचली. दगडाच्या कासवाला येणेप्रमाणे आपण नमस्कार करतो. परंतु तेच कासव हाडामांसाचे होऊन, पाठ फुटलेल्या स्थितीत रस्त्याच्या कडेला दिसले, म्हणजे काय करावे हे आपल्याला ठाऊक नसते. त्या वेळी काय करावे आणि विशेषतः काय करू नये, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

हा प्रसंग वाटतो तितका दुर्मिळ नाही. मुंबईच्या उपनगरांना लागून शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक असे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि विहार, तुळशी व पवई हे एकोणिसाव्या शतकात बांधलेले तलावही तेथेच आहेत. पुण्याच्या टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत घरे गेली आहेत. नागपुरास अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव वस्तीला खेटून आहेत. जेथे काल भातखाचर किंवा डबके होते, तेथे आज सिमेंटचा रस्ता आहे. परंतु कासवाच्या अंगातली वाट बदललेली नाही. उन्हाळ्यात चिखलात स्वतःला पुरून घेतलेले कासव पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडते आणि पूर्वी ज्या वाटेने जात होते त्याच वाटेने निघते. मध्ये मोटारींचा रस्ता आला आहे, हे त्याला कोणी सांगावे? घोरपड आपल्या जुन्या वारुळाकडे जाताना कुंपणाच्या तारांत अडकते, कोरड्या टाकीत पडते, किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडते. पाली आणि सापसुरळ्या उंदरांसाठी मांडलेल्या चिकट पुठ्ठ्यांवर जाऊन बसतात. मांजरे सरडे पकडतात. ह्यांतले एखादे दृश्य वर्षातून एकदा तरी उपनगरातल्या बहुतेक वसाहतींत दिसतेच.

अशा वेळी दोन प्रकारची माणसे पुढे होतात. काही जण काठी घेऊन येतात. त्यांच्याविषयी मी पुढे बोलणार आहे. दुसरे येतात ते दयेने येतात, आणि माझे आजचे भाषण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. कारण ह्या प्राण्यांच्या बाबतीत दयेने केलेले नुकसान काठीने केलेल्या नुकसानाहून फारसे कमी नसते. माणसाच्या किंवा गाईच्या दुखण्यावर जे उपाय चालतात, तेच आपण घाईघाईने त्यांच्यावर करतो. आणि त्यांचे शरीर तर अगदी निराळ्या रीतीने चालते.

ही रीत थोडक्यात समजून घेऊ. पहिली गोष्ट, ह्या प्राण्यांना आपण थंड रक्ताचे म्हणतो, ते फारसे बरोबर नाही. त्यांचे शरीर स्वतःची ऊब निर्माण करून ती राखत नाही. भोवतालच्या हवेतून आणि उन्हातून ती घेते. पचन, श्वास, जखम भरून येणे, औषधाचा गुण येणे, हे सर्व त्या उबेवर अवलंबून असते. म्हणून वातानुकूलित खोलीत ठेवलेले जखमी कासव बरे होण्याऐवजी अधिकच मंदावते, आणि डबा बंद करून उन्हात ठेवलेला सरडा घटकाभरात भाजून मरतो. कारण त्याला घाम येत नाही आणि सावलीत जाता येत नाही.

दुसरी गोष्ट कासवाच्या पाठीविषयी. कासवाची पाठ म्हणजे त्याचे घर, आणि ते घर टाकून कासव बाहेर येऊ शकते, असे लहान मुलांच्या चित्रांत दाखवतात. वस्तुस्थिती अशी की ती पाठ त्याच्या बरगड्या आणि कणा मिळूनच झालेली असते. ती जिवंत हाड आहे. तिच्यात रक्त वाहते आणि तिला स्पर्श कळतो. फुप्फुसे नेमकी त्या पाठीच्या खालच्या बाजूला चिकटून असतात. म्हणून पाठीला तडा गेला म्हणजे मडके फुटले असे नव्हे. मनुष्याची छाती फुटावी, तसे ते आहे.

तिसरी गोष्ट त्यांच्या मौनाची. कुत्रा विव्हळतो, मांजर ओरडते, पक्षी पंख फडफडवतो. घोरपड फार तर फूत्कार टाकते. कासव तेही क्वचितच करते. ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. वेदना त्यांनाही होतात, आणि आज पशुवैद्य त्यांच्यावर उपचार करताना वेदनाशामक औषध प्रथम देतात. ह्या मौनाला जोडून आणखी एक बाब आहे. ह्या प्राण्यांचे हृदय इतके सावकाश चालते आणि प्राणवायूवाचून ते इतका वेळ तग धरतात, की निपचित पडलेले कासव मेले की जिवंत आहे, हे साध्या डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून ते मेले असे समजून पुरण्याची किंवा फेकण्याची घाई करू नये. तो निर्णय पशुवैद्यावर सोपवावा. मादी खरोखरच मेलेली असली, तरी तिच्या पोटातली अंडी काढून उबवणे जाणकारांना कधी कधी शक्य होते.

आमच्या वसाहतीतलीच एक हकीकत सांगतो. जून महिन्यातली सकाळ होती. आदल्या रात्री पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता. फाटकासमोर टेम्पोच्या चाकाची कड लागून एक वीतभर लांबीचे कासव पडलेले होते. पाठीवर उजव्या बाजूला तडा गेला होता आणि त्यातून रक्त येत होते. पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसे जमली, आणि त्यांतले कोणीही निर्दय नव्हते. एका गृहस्थांनी पाण्याने भरलेली बादली आणली; कासव पाण्यातले, त्याला पाण्यात सोडावे, हे त्यांचे म्हणणे. एका वृद्ध बाईंनी हळदीची वाटी आणली. एक तरुण धावत जाऊन चटकन चिकटणाऱ्या गोंदाची नळी घेऊन आला. कोणी दुधाची बशी पुढे केली. कोणी म्हणाले, देवळाच्या विहिरीत सोडा, देव सांभाळील. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतली एक विद्यार्थिनी पुढे झाली. तिने सर्वांना हात जोडून थांबवले, कासव दोन्ही हातांनी मागच्या बाजूने उचलून कोरड्या घमेल्यात ओल्या फडक्यावर ठेवले, वर दुसरे कापड टाकले आणि वनविभागाला दूरध्वनी केला. तिने आम्हाला तडा दाखवला. कासव श्वास घेई तेव्हा त्या तड्यातून रक्ताचे बारीक बुडबुडे येत होते. फुप्फुसापर्यंत इजा झालेली होती. त्याला बादलीत सोडले असते, तर त्या तड्यातून पाणी आत शिरून ते पाण्यातले कासव पाण्यातच गुदमरून मेले असते. गोंद लावला असता, तर रस्त्यावरची घाण आत कोंडली जाऊन जखम आतून सडली असती. पुढे पाच महिने त्याच्यावर उपचार झाले. तडा सांधला, पाठीवर एक वेडावाकडा कंगोरा राहिला, आणि वनरक्षकाने ते आमच्याच मागच्या तळ्यात आणून सोडले. सगळी कासवे अशी वाचत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. परंतु जे वाचले ते पंधरा-वीस जणांच्या दयेने वाचले नाही. त्या सर्वांना थांबवणाऱ्या एकीच्या माहितीने वाचले.

तेव्हा प्रथम सर्व प्राण्यांना लागू पडणारे नियम सांगतो. ते थोडे आहेत. गृहिणींनी आणि मुलांनी ते लक्षात ठेवावेत.

रस्त्यावर असाल तर आधी स्वतःचा जीव सांभाळा आणि मागून येणाऱ्या वाहनांना थांबवा. प्राण्याला उचलण्यापूर्वी जागा नीट पाहून ठेवा. विजेच्या खांबाचा क्रमांक, दुकान, नाला, काय असेल ते कागदावर लिहा. त्याचे कारण पुढे सांगेन. हवा जाण्यासाठी भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, टोपली किंवा घमेले घ्या, तळाशी जुने सुती कापड अंथरा आणि वरून झाका. अंधार आणि शांतता ही ह्या प्राण्यांची पहिली औषधे आहेत. खोका घरातल्या साध्या उबेच्या खोलीत, मुले, कुत्री व मांजरे ह्यांच्यापासून दूर ठेवा. पुनःपुन्हा उघडून पाहू नका. खाण्यास काही देऊ नका. दूध, पोळी, भात, पालेभाजी, काहीही नाही. हे प्राणी दोन-चार दिवस अन्नावाचून सहज राहतात, परंतु दुखापत झालेल्या अवस्थेत बळेने घातलेला घास त्यांच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो. जखमेवर हळद, चुना, फिनेल, तेल, मलम लावू नका, आणि माणसाची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नका. चिखल फारच बसला असेल आणि उपचारास वेळ लागणार असेल, तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि त्या पाण्याने कडेकडेने धुवावे. खोल तड्यात ते ओतू नये. उघड्या जखमेवर माशा बसल्या तर एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून स्वच्छ ओल्या कापडाने जखम झाकावी. शेवटी साबणाने हात धुवावेत. कारण कासव, पाल ह्यांच्या अंगावर असे जंतू असतात की ज्यांनी माणसाला जुलाब व ताप येऊ शकतो.

आता कासवांविषयी थोडे विस्ताराने. आपल्या भाषेत कासव हा एकच शब्द आहे, आणि पुष्कळसा घोटाळा त्या एका शब्दाने केला आहे. कासवांचे तीन प्रकार मानावेत आणि ते पाय पाहून ओळखावेत. ज्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबासारखे असतात, ते जमिनीवरचे कासव. ज्याच्या बोटांमध्ये पडदा असतो, ते गोड्या पाण्यातले. ज्याचे पाय वल्ह्यांसारखे चपटे असतात, ते समुद्रातले. जमिनीवरचे कासव पोहू शकत नाही. पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले सुंदर कासव, ज्याला तारा कासव म्हणतात, ते जमिनीवरचे आहे. घरात भाग्य येते म्हणून लोक ते चोरून पाळतात आणि कंटाळा आला की मोठ्या भक्तिभावाने तळ्यात सोडतात. ते तळाशी जाते आणि बुडून मरते.

आपल्या उपनगरांत बहुधा सापडतात ती गोड्या पाण्यातली. त्यांतले एक मऊ पाठीचे असते आणि त्याच्या मागच्या पायांवर कातड्याच्या झडपा असतात. दुसरे काळसर, टणक पाठीचे, आणि पाठीवर तीन लांबट कंगोरे असलेले. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते आणि ते चावते, म्हणून त्याला मागच्या बाजूने धरावे किंवा फावड्यावर, घमेल्यात सरकवून घ्यावे. कोणतेही कासव शेपटीने उचलू नये. कण्याला इजा होते. कासव धडधाकट असून नुसताच रस्ता ओलांडीत असेल, तर त्याचे तोंड ज्या दिशेला आहे त्याच दिशेच्या कडेला त्याला नेऊन ठेवावे आणि आपल्या वाटेने जावे. मागे आणून सोडलेत, तर ते पुन्हा तोच रस्ता ओलांडू लागेल. तळ्याकाठी मासे धरणाऱ्यांचा गळ पुष्कळदा कासवाच्या घशात अडकलेला आढळतो. तोंडातून नायलॉनचा तंगूस लोंबत असेल तर तो ओढू नये. ओढल्याने गळ आतडी फाडतो. वीतभर दोरा बाहेर राहील अशा रीतीने तो कापावा आणि कासव पशुवैद्याकडे द्यावे. तो दोरा धरूनच वैद्याला गळाचा माग लागतो.

वसई, अर्नाळा, जुहू, वर्सोवा अशा किनाऱ्यांवर राहणाऱ्यांसाठी एक सूचना. पावसाळ्यात जखमी समुद्री कासवे लाटांबरोबर वाहून किनाऱ्यास लागतात. तुटक्या जाळ्यांचे तुकडे त्यांच्या पायांत रुतलेले असतात. कित्येकांचा एखादा पाय तुटून गेलेला असतो. लोक जमतात आणि सर्वांनी मिळून कासवाला पुन्हा समुद्रात ढकलतात. त्यात समाधान फार असते, परंतु उपकार होत नाही. पोहण्याचे बळ उरले नाही म्हणूनच ते किनाऱ्याला लागलेले असते. त्याला सावलीत ठेवावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवून पाठीवर ओले फडके टाकावे आणि वनविभागाला कळवावे. पालघर जिल्ह्यात डहाणू येथे अशा कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. ह्याच किनारपट्टीवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात, आणि २०१८ च्या मार्चमध्ये मुंबईत वर्सोव्याच्या वाळूतूनही ह्या कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. आपला किनारा त्यांनी सोडलेला नाही.

आता सरड्यांच्या कुळाकडे वळू. पाल आणि सापसुरळी ह्यांची शेपटी तुटून वळवळत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. शत्रूला चकवण्यासाठी त्यांनीच ती टाकलेली असते. जखम आपोआप भरते आणि नवी शेपटी येते. त्यांना तसेच सोडून द्यावे. सरड्याची आणि घोरपडीची गोष्ट निराळी. त्यांची शेपटी पुन्हा येत नाही, म्हणून तेथे ती खरी जखम समजावी. मांजराच्या तोंडातून सुटलेला सरडा वरून ठीक दिसला तरी त्याला बरा समजू नये. मांजराच्या दातांत असे जंतू असतात की सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून ते आत शिरतात आणि प्राणी दोन-तीन दिवसांनी मरतो. त्याला औषध मिळालेच पाहिजे.

चिकट पुठ्ठ्यावर अडकलेल्या पालीला किंवा सापसुरळीला ओढून काढू नये. कातडी सोलून निघते आणि पाय मोडतात. आधी पुठ्ठ्याच्या मोकळ्या चिकट भागावर पीठ किंवा माती भुरभुरावी, म्हणजे प्राणी पुन्हा चिकटणार नाही. नंतर जेथे अंग चिकटले आहे तेथे खाण्याचे तेल कापसाने थोडे थोडे लावीत, एकेक पाय सावकाश सोडवावा. नाकातोंडात तेल जाऊ देऊ नये. ह्या कामाला अर्धा तास लागतो, आणि तो द्यावा. त्याहून चांगले म्हणजे असले पुठ्ठे घरात आणूच नयेत. त्यावर अडकलेला उंदीरदेखील तासन् तास तडफडत असतो.

बागेत कुदळ मारताना मातीत पांढरी, लांबट, कातडी कवचाची अंडी निघाली, तर ती बहुधा सरड्याची असतात. ती उलटीपालटी करू नयेत. आतला गर्भ कवचाच्या एका बाजूला चिकटलेला असतो आणि अंडे उलटले की तो मरतो. वरच्या बाजूस पेन्सिलीने हलकी खूण करावी आणि तीच बाजू वर ठेवून अंडी पुन्हा मातीत झाकावीत.

घोरपड ही मोठी. शेपटीसह ती सव्वा-दीड मीटरपर्यंत वाढते. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते, म्हणून लोक अधिकच भितात. ती आपल्या अंगावर धावून येत नाही. परंतु कोंडली गेली तर शेपटीचा फटका मारते, नखांनी ओरबाडते आणि कडकडून चावते. म्हणून जखमी घोरपडीला सामान्य माणसाने हात लावू नये. मुलांना व कुत्र्यांना दूर न्यावे, दुरून तिच्यावर लक्ष ठेवावे आणि जाणकार येईपर्यंत गर्दी होऊ देऊ नये. निरोगी घोरपड नुसती कुंपणावर ऊन खात बसली असेल, तर तिला सोडवण्याचे काहीच कारण नाही. ती किडे, उंदीर आणि मेलेली जनावरे खाते. तिचा वावर आपल्या हिताचाच आहे. ती कोरड्या टाकीत किंवा हौदात पडली असेल, तर एक खरबरीत फळी किंवा झाडाची फांदी तिरपी आत सोडावी आणि सर्वांनी दूर व्हावे. रात्रीत ती आपली आपण निघून जाते. एवढी सोपी मदत दुसरी नसेल.

मघाशी काठी घेऊन येणाऱ्यांचा उल्लेख केला होता. त्यांतले बहुतेक क्रूर नसतात. ते भ्यालेले असतात. सापसुरळी विषारी, पालीची फुंकर विषारी, सरडा रक्त शोषतो, अशा समजुती घरोघर आहेत. विनयाच्या काळात नर सरड्याचा गळा लाल होतो, तो मादीसाठी. कोणाचे रक्त प्याल्यामुळे नव्हे. आपल्या देशात चावून माणसाला विषबाधा करील अशी एकही पाल, सापसुरळी, सरडा किंवा घोरपड नाही. दुधात पाल पडली तर ते दूध टाकावे हे खरे, परंतु ते तिच्या अंगावरच्या जंतूंमुळे. माशी पडल्यावर टाकतो त्याच कारणाने. पंचांगात पल्लीपतनाची शुभाशुभ फळे छापलेली असतात. ती ज्याने त्याने वाचावीत. परंतु अंगावर पडलेल्या पालीचा त्यात काय अपराध, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारला असता, तर मला त्याचे उत्तर देता आले नसते.

भीतीपेक्षाही लोभ वाईट. घोरपडीचे मांस व तेल ह्यांना औषधी गुण आहेत, अशा भ्रमापायी तिची शिकार होते. हाथाजोडी नावाची एक मुळी धनलाभासाठी देव्हाऱ्यात ठेवण्यास विकली जाते. प्रयोगशाळांतून तपासणी केल्यावर निष्पन्न झाले ते असे, की ती मुळी नसून नर घोरपडीचे वाळवलेले गुह्येंद्रिय आहे. सुशिक्षित घरांतल्या देव्हाऱ्यांतही ती असते. विकत घेणाऱ्याला ते माहीत नसते, हे मी समजू शकतो. आता ते माहीत झाले आहे.

कायदाही येथे स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ साली त्यात मोठी सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. घोरपड, मऊ पाठीचे झडपांचे कासव आणि तारा कासव ही तिन्ही त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. त्यांना मारणे, पकडणे, घरात पाळणे हा अपराध असून त्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हणून जखमी प्राणी हाती आला तर तो घरी ठेवून आपणच बरा करू, असा मोह धरू नये. असा प्राणी आपल्या ताब्यात आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्यास किंवा अधिकाऱ्यास कळवावे, असे कायदा सांगतो. कासवाची प्रकृती मात्र अठ्ठेचाळीस मिनिटांत कळवा असे सांगते. महाराष्ट्रात वनविभागाचा साहाय्य क्रमांक १९२६ आहे. नागपुरास सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. इतर शहरांतही वनविभागाशी जोडलेली प्राणिमित्र मंडळे आहेत. आपल्या भागातले कोणते, ते आजच विचारून त्याचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. प्रसंग आल्यावर शोधू लागलो तर वेळ जातो.

जागा लिहून ठेवा, असे मी का सांगितले, ते आता सांगतो. प्राणी बरा झाला म्हणजे त्याला त्याच जागी सोडावे लागते. कासवाला आपले तळे, आपली घरटी करण्याची जागा, आपली चिखलाची बिळे ठाऊक असतात. आपण त्याला दूरच्या सुंदर तलावात नेऊन सोडले, तर ते आपले जुने ठिकाण शोधीत पुन्हा रस्त्यावर येते. शिवाय एका तळ्यातला रोग दुसऱ्या तळ्यात जातो. ह्याच न्यायाने दुकानातून आणलेली परदेशी कासवे आपल्या तळ्यात सोडणे हाही अपकार आहे. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले छोटे कासव अमेरिकेतले. रुपयाएवढे असताना मुलांच्या हट्टाखातर घेतात, ते ताटलीएवढे झाले की देवळाच्या तळ्यात टाकतात. तेथे ते आपल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. ते सांभाळवत नसेल तर पशुवैद्यास विचारून योग्य ठिकाणी द्यावे.

कोणी म्हणेल, एका कासवासाठी इतका खटाटोप कशाला? माणसांची दुःखे थोडी आहेत काय? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. त्याचे उत्तर कासवाच्या आयुष्यक्रमातच आहे. कासवाला वयात येण्यास कित्येक वर्षे लागतात. त्याने घातलेल्या अंड्यांतली बहुतेक अंडी कोल्हे, मुंगूस, घोरपडी खातात. निघालेल्या पिल्लांतली बहुतेक बगळे व मासे खातात. शेकडोंतून एखादे मोठे होते, आणि मग मात्र ते पुष्कळ वर्षे जगून दर वर्षी अंडी घालते. म्हणजे रस्त्यावर पडलेली ती एक वाढलेली मादी अशा शेकडो पिल्लांची किंमत मोजून तयार झालेली असते. उंदीर मेला तर महिन्याभरात त्याची जागा भरते. कासवाची जागा भरण्यास एक पिढी जाते. आणि तळ्यात थोडीच कासवे उरली असली, तर ती कधीच भरत नाही.

आणि त्यासाठी आपल्याकडून मागितले जाते ते काय? एक खोका, एक जुने कापड, एक दूरध्वनी, आणि थोडा संयम. हे प्राणी सावकाश जगतात, सावकाश बरे होतात. त्यांच्या बाबतीत आपणही थोडे सावकाश वागावे, हात पुढे करण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच माझी विनंती आहे. पावसाळा तोंडावर आला म्हणजे मुलांना जवळ बसवून ह्यातल्या दोन-चार गोष्टी अवश्य सांगाव्यात; रस्त्यावरचे कासव मोठ्यांच्या आधी त्यांनाच दिसते.